करार चालू असतानाच बिल का वाढतं?

ब्रिटनमध्ये वसंत ऋतू येतो तो डॅफोडिल घेऊन आणि मोबाइलचं वाढीव बिल घेऊन. साधारण मार्च-एप्रिलच्या सुमाराला कंपनीचा मेसेज येतो: पुढच्या महिन्यापासून इतके पैसे जास्त. मग घरात कुणीतरी विचारतं, "अगं, पण आपला तर दोन वर्षांचा करार आहे ना? मग मध्येच पैसे कसे वाढवले?"

प्रश्न रास्त आहे. करार म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी. आपण दोन वर्षं सोडून जायचं नाही, हे आपल्यावर बंधन. मग दोन वर्षं दर वाढवायचा नाही, हे त्यांच्यावर बंधन नको का? पण गंमत अशी, की दर वाढवण्याची परवानगी बहुतेक वेळा करारातच लिहिलेली असते. बारीक अक्षरांत. आपण ती न वाचता 'मान्य' वर बोट टेकवतो.

पूर्वी ही अट फारच अवघड भाषेत असायची. बऱ्याच मोठ्या कंपन्या लिहायच्या: दरवर्षी महागाईचा दर अधिक 3.9 टक्के. आता पुढच्या वर्षी महागाई किती असेल, हे सही करताना कुणाला ठाऊक असतं? डिसेंबर 2022 मध्ये इथला महागाईचा दर 10.5 टक्के होता. त्यात 3.9 मिळवा. म्हणजे 2023 च्या वसंतात अनेकांचं बिल 14.4 टक्क्यांनी वाढलं. तेव्हा बरीच ओरड झाली.

मग ऑफकॉमने नियम बदलला. ऑफकॉम म्हणजे फोन, इंटरनेट आणि टीव्हीच्या कंपन्यांवर देखरेख करणारी इथली संस्था. 17 जानेवारी 2025 पासून होणाऱ्या नव्या करारांत महागाईला जोडलेली, टक्क्यांतली दरवाढ चालत नाही. दर वाढणार असेल तर किती पाउंड, किती पेन्स आणि कोणत्या महिन्यापासून, हे सही करण्याआधीच स्पष्ट सांगावं लागतं. त्याआधी केलेल्या करारांना मात्र हा नियम लागू नाही. त्यांची जुनी अट तशीच राहिली.

इथे एक गैरसमज होतो. 'आता दरवाढ बंद झाली' असं लोक सांगतात. तसं झालेलं नाही! दरवाढ आहेच, फक्त ती आधी सांगावी लागते.

आणि या नव्या पद्धतीत एक मेख आहे. ती समजण्यासाठी थोडं गणित करू या. समजा, कंपनी दर एप्रिलला 1.80 पाउंड वाढवते. तुमच्या बाबांचा महागडा प्लॅन 30 पाउंडांचा आहे. त्यांच्यासाठी ही वाढ 6 टक्के झाली. तुमचं साधं सिम 10 पाउंडांचं आहे. तुमच्यासाठी तीच वाढ 18 टक्के! रक्कम सारखीच, पण ज्याचं बिल लहान त्याच्या खिशाला मोठी कात्री. विद्यार्थी आणि आजी-आजोबा बहुधा हेच स्वस्त प्लॅन घेतात. मला तरी हे न्याय्य वाटत नाही. पण नियमात ते बसतं.

म्हणून जाहिरातीतला आकडा बघून भुलू नका. पूर्ण दोन वर्षांची बेरीज करा. हेच 10 पाउंडांचं सिम तुम्ही नोव्हेंबरमध्ये 24 महिन्यांसाठी घेतलं असं धरू. पहिले 5 महिने 10 पाउंड, म्हणजे 50. मग एप्रिलपासून 12 महिने 11.80, म्हणजे 141.60. शेवटचे 7 महिने 13.60, म्हणजे 95.20. एकूण झाले 286.80 पाउंड. आता शेजारच्या दुकानातलं सिम 12 पाउंडांचं आहे, पण दर न वाढणारं. त्याचे दोन वर्षांचे 288 होतात. फरक फक्त 1.20 पाउंड! जे 'दोन पाउंडांनी स्वस्त' वाटत होतं, ते तसं नव्हतंच.

करार कधी सुरू होतो, यानेही फरक पडतो. फेब्रुवारीत घेतलंत तर दोनच महिन्यांत पहिली वाढ येऊ शकते. तेव्हा विक्रेत्याला सरळ विचारा, "पहिली वाढ मला कधीपासून?"

आता समजा, सही होऊन गेली आहे आणि वाढीचा मेसेज आला आहे. पहिलं काम: करार उघडा आणि त्यात लिहिलेली रक्कम मेसेजमधल्या रकमेशी ताडून पाहा. दोन्ही सारख्या असतील, तर कंपनी चुकलेली नाही. पण मेसेजमधली वाढ करारापेक्षा जास्त असेल, तर बाजी तुमच्याकडे आहे. अशा वेळी कंपनीला निदान महिनाभर आधी कळवावं लागतं आणि तुम्ही दंड न भरता करार सोडू शकता. त्यासाठी मेसेज आल्यापासून साधारण 30 दिवस मिळतात, म्हणून तो 'नंतर वाचू' म्हणून ठेवू नका. हे नुसतं पुस्तकी नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये एका मोठ्या कंपनीने 1.80 पाउंडांऐवजी 2.50 पाउंड वाढवण्याचं जाहीर केलं. ग्राहकांना बिनदंड बाहेर पडण्याची मुभा द्यावी लागली. फक्त एक लक्षात ठेवा: फोनचा हँडसेट हप्त्यांवर घेतला असेल, तर त्याचे उरलेले हप्ते फेडावे लागतात.

वाढ करारात लिहिलेलीच असेल, तर? मग आधी माहिती काढा. इंग्रजी अक्षरांत 'इन्फो' असा मेसेज 85075 या नंबरवर पाठवा. आज करार सोडला तर किती पैसे भरावे लागतील, ते उत्तरात कळतं. हा मेसेज फुकट असतो. कधी कधी करार संपायला दोनच महिने उरलेले असतात, आणि कधी तो कधीचाच संपलेला असतो! करार संपत आला की 10 ते 40 दिवस आधी कंपनीने तुम्हाला कळवायचं असतं. तो मेसेजही लोक न वाचता पुसून टाकतात.

मग कंपनीला फोन करा. आपल्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहू विकले जात नाहीत. दुसरी कंपनी किती कमी दर देते, ते शांतपणे सांगा आणि विचारा, "तुम्ही काय देऊ शकता?" नुसतं रागावून उपयोग होत नाही, आकडा सांगितला की समोरचा माणूस ऐकतो.

जायचं ठरलंच, तर नंबर बरोबर नेता येतो. पी, ए, सी ही तीन इंग्रजी अक्षरं 65075 वर पाठवा. एक कोड येतो. तो 30 दिवस चालतो. तो नव्या कंपनीला द्यायचा, बाकीचं ती बघते. जुन्या कंपनीला फोन करून "का जाताय?" ही उलटतपासणी सोसावी लागत नाही. लाजाळू माणसांची मोठीच सोय!

एक गोष्ट मात्र करू नका. रागाच्या भरात बँकेतून डायरेक्ट डेबिट बंद करू नका. करार तसाच चालू राहतो, बिल थकतं, आणि त्याची नोंद तुमच्या नावावर होते. पुढे घर भाड्याने घेताना किंवा कर्ज काढताना ती आडवी येऊ शकते. तक्रार असेल तर कंपनीकडे लेखी करा. तिथे दाद लागली नाही, तर कंपनीबाहेरच्या लवादाकडे जाता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

भारतातल्या मामाला हे सगळं सांगितलंत तर तो हसेल. तिकडे बहुतेक लोक प्रीपेड वापरतात. तिथेही दर वाढतातच. जुलै 2024 मध्ये मोठ्या कंपन्यांनी ते वाढवले. पण रिचार्ज संपला की माणूस मोकळा. तसं महिन्या-महिन्याचं सिम इथेही मिळतं. नवा फोन हवा नसेल, तर दोन वर्षं बांधून घेण्याआधी त्याचा दरही विचारून ठेवा.