स्लॅबमधला झरोका

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्या मध्ये, भातसा नदीच्या काठी वसलेल्या खडवलीत, ठाणे जिल्ह्याच्या इतर ग्रामीण भागाप्रमाणेच, अनेक घरांच्या माथ्यावरची कौले उतरली आणि त्यांच्या जागी सिमेंट-काँक्रीटचा सपाट स्लॅब आला. या बदलाने घर पक्के झाले, वाळवणाला गच्ची मिळाली, पुढेमागे वर मजला चढवण्याची सोय झाली; परंतु कौलांबरोबर काचेचे कौलही गेले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर रूढ झालेल्या मंगलोरी कौलांच्या ओळीत, त्याच मापाची आणि त्याच खोबणीत बसणारी एक-दोन काचेची कौले घातली की ओटी आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये सापडलेल्या, एकही खिडकी नसलेल्या माजघरात दिवसभर उजेड राही. स्लॅबच्या घरातही माजघर त्याच जागी राहिले, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती येऊन टेकल्या, आणि त्या खोलीत भरदुपारीही दिवा लावण्याची वेळ आली.

सपाट छपराला उजेडासाठी छिद्र ठेवणे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाच्या घरांत, म्हणजे लाकडी तुळयांवर माती पसरून तयार केलेल्या सपाट छपराच्या घरांत, साणे नावाचे छिद्र असते. त्यातून उजेड आत येतो, चुलीचा धूर बाहेर जातो आणि पाऊस आला की ते वरून झाकून घ्यावे लागते. तेथला वर्षाचा पाऊस ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने हा व्यवहार निभावतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या खडवलीच्या पट्ट्यात मात्र साण्याला कायमचे, न गळणारे झाकण हवे, आणि त्या झाकणातून उजेडही यायला हवा.

छपरातला झरोका भिंतीतल्या खिडकीपेक्षा किती उपयोगी, याचे उत्तर पावसाळी आकाशातच मिळते. ढगाळ आकाशाच्या उजेडाचे जे प्रमाण जगभर मानले जाते, त्यानुसार पूर्ण झाकोळलेल्या आकाशाचा माथा क्षितिजाजवळच्या भागापेक्षा तिप्पट उजळ असतो. खिडकीला आकाशाचा फार तर अर्धा भाग दिसतो, तोही प्रामुख्याने मंद बाजूचा, आणि समोर शेजाऱ्याची भिंत असेल तर तेवढाही दिसत नाही. उलट छपरातल्या झरोक्यासमोर आकाशाचा सर्वांत उजळ भाग उघडा असतो. म्हणून झरोका मोठा असण्याची गरज नसते. खोलीच्या क्षेत्रफळाच्या ३ ते ५ टक्के उघडीप पुरते असा ढोबळ हिशेब धरला जातो, आणि १० फूट बाय १२ फुटांच्या माजघराला २ फूट बाय २ फुटांची काच त्या हिशेबात बसते.

मोह होतो तो मोठ्या काचेचा, आणि चूक होते ती येथेच. खडवली १९ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडी वर असल्याने मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैत ढग त्याला अडवतात. मे महिन्यात अडवणारे काहीच नसते. निरभ्र मध्यान्ही आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट इतकी सूर्याची ऊर्जा पडते आणि साधी पारदर्शक काच त्यातली सुमारे ८० टक्के आत सोडते, त्यामुळे २ फूट बाय २ फुटांच्या काचेतूनही जवळजवळ ३०० वॅटचा शेगडीसारखा ताप खोलीत उतरतो. काच चौपट केली की तापही चौपट होतो. उजेड पसरवणारी दुधी काच, झरोक्याच्या उंच बाजूला गरम हवा बाहेर जाण्यासाठी जाळी लावलेली फट, आणि मार्च ते मे या काळात वरून ताणलेली हिरवी शेडनेट, एवढ्या साध्या उपायांनी हा ताप बराच आटोक्यात राहतो.

खरी जबाबदारीची बाब म्हणजे तयार स्लॅबला छिद्र पाडणे. स्लॅब म्हणजे केवळ काँक्रीटची फरशी नव्हे. काँक्रीट दाब सोसते आणि ताण सोसण्याचे काम आतल्या लोखंडी सळया करतात. खोलीच्या मधल्या भागात या सळया स्लॅबच्या तळाशी असतात, आणि साधारणपणे आखूड अंतराच्या दिशेने टाकलेल्या मुख्य सळया अधिक भार वाहतात. छिद्र पाडताना जेवढ्या सळया तुटतात, तेवढ्यांचा भार छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या सळयांवर जाऊन पडतो, तसेच चौकोनी छिद्राच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा फुटण्याची प्रवृत्ती असते. नव्या स्लॅबमध्ये यावरचा उपाय सोपा असतो: तुटणाऱ्या सळयांइतकेच जादा लोखंड छिद्राच्या कडेने घालायचे आणि चारही कोपऱ्यांत तिरप्या सळया ठेवायच्या. जुन्या स्लॅबमध्ये मात्र तेच बळ खालून लोखंडी चॅनेलची चौकट बसवून द्यावे लागते, आणि ती चौकट नुसती स्लॅबला न अडकवता तिचा भार बीमपर्यंत पोचवावा लागतो. बीमला हात लावायचाच नसतो. भिंतीबाहेर निघालेल्या गॅलरीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या अंगाला असतात, त्यामुळे तेथे छिद्राचा विचारही करू नये. आणि ज्या स्लॅबच्या तळाचे प्लास्टर फुगून गंजक्या सळया उघड्या पडल्या आहेत, तेथे आधी दुरुस्ती करावी लागते.

घणाने स्लॅब फोडण्याची रीत या कामात घातक ठरते, कारण घणाचे हादरे छिद्राच्या पलीकडच्या काँक्रीटलाही खिळखिळे करतात आणि सळईवरची त्याची पकड सुटते. सळया शोधणाऱ्या यंत्राने त्यांच्या जागा खडूने आखून घ्याव्यात, खालून टेकू द्यावेत, चारही कोपऱ्यांत हिरकणीच्या दातांच्या ड्रिलने गोल भोके पाडावीत आणि मग त्यांच्या दरम्यान करवतीने सरळ काप घ्यावेत. कोपऱ्यांत आधी गोल भोक असल्याने काप पुढे सरकत नाही. २ फूट बाय २ फुटांचा, ५ इंच जाडीचा तुकडा १०० किलोंहून जड असतो, म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्यांपेक्षा जास्त, त्यामुळे तो खाली पडू न देता उचलून काढण्याची तजवीज काप घेण्यापूर्वीच व्हायला हवी.

यानंतर येते पाणी, आणि कोकणपट्टीतल्या झरोक्याचे यशापयश पाण्यावरच ठरते. काच गच्चीच्या पातळीत कधीच बसवू नये. छिद्राच्या चारही बाजूंनी काँक्रीटचा कठडा उभारावा, जो कोबा घातल्यानंतरच्या पातळीपासून निदान ६ इंच, आणि या भागात ९ ते १२ इंच उंच असावा. पानांनी तोटी तुंबली की भिंतींनी वेढलेली गच्ची जोराच्या सरीत पाहता पाहता हौदासारखी भरते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे ध्यानात ठेवले तर कठड्याची दोन-चार इंच जादा उंची कोणालाही वायफळ वाटणार नाही. विटांचे तुकडे घालून केलेला कोबा कठड्याला जेथे भेटतो, तो काटकोन गवंडी गोलाईने भरून घेतात आणि तिला वाटा म्हणतात. हा वाटा कठड्यावर चांगला वर चढवलेला असेल तर पाणी सांध्यात थांबत नाही. झरोका तोटीजवळ ठेवू नये, आणि गच्चीच्या उतारावरून येणारे पाणी दुभागण्यासाठी कठड्याच्या वरच्या अंगाला त्रिकोणी उंचवटा करावा.

काचेलाही उतार हवा. ५ अंशांचा उतार म्हणजे मीटरमागे सुमारे ९ सेंटिमीटर, आणि त्याने पाणी, धूळ व कबुतरांची घाण साचत नाही. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येत असल्याने काचेची खालची कड ईशान्येकडे असावी, म्हणजे ओघळणारे पाणी वाऱ्याने उलटे फिरून चौकटीखाली घुसत नाही. काचेची कड कठड्याबाहेर काढून चौकटीच्या तळाशी बारीक खाच ठेवली की पागोळी तेथेच तुटून गळते. सांध्यांत भरायचे सिलिकॉनही पारखून घ्यावे लागते. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते धातूला गंज चढवते आणि सिमेंटवर नीट धरत नाही, म्हणून वास नसलेले, न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन वापरावे. सारे काम दिवाळी ते होळी या कोरड्या काळात उरकून, तोट्या बंद करून गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी उभे करावे आणि खालचे छत कोरडे राहते का ते पाहावे.

डोक्यावरची काच केवळ टफन केलेली असून भागत नाही, कारण ती फुटली की तिचे बारीक तुकडे एकदम खाली कोसळतात. दोन काचांमध्ये चिकट पापुद्रा दाबून केलेली लॅमिनेटेड काच तडकली तरी जागेवर धरून राहते. पॉलिकार्बोनेटचा पत्रा स्वस्त आणि हलका असतो, पण तो उन्हाने पिवळा पडतो आणि काचेच्या कितीतरी पट प्रसरण पावतो, म्हणून त्याच्या स्क्रूची भोके सैल ठेवावी लागतात. काच कोणतीही असली तरी तिच्याखाली लोखंडी ग्रिल असलीच पाहिजे. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडयांचे वाळवण पडते, बायका पाठ वळवून मागे सरकतात, मुले धावतात, आणि धुळीने मळलेली काच कोब्याहून वेगळी ओळखू येत नाही.

मजल्यांच्या इमारतीत गच्ची साऱ्या रहिवाशांची असते, त्यामुळे तेथे संस्थेची लेखी संमती, आणि कोणत्याही घरात स्ट्रक्चरल इंजिनीअरचा नकाशा व स्थानिक प्राधिकरणाची परवानगी यांशिवाय स्लॅबला करवत लावू नये. ज्यांचे घर अजून बांधायचे आहे त्यांना यातले बरेचसे कष्ट टाळता येतात: स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी, सेंट्रिंगवर लोखंड बांधले जात असतानाच, माजघराच्या जागेवर फळ्यांची २ फुटी चौकट ठोकून घ्यावी आणि इंजिनीअरने सांगितलेल्या जादा सळया तिच्या कडेने बांधून घ्याव्यात.