पोडाभोवतीचं जंगल

आदिवासी आणि जैवविविधता हा विषय निघाला की एक आकडा हमखास कानावर येतो : जगातली ८० टक्के जैवविविधता आदिवासींच्या भूमीत आहे. या आकड्याला पुरावा नाही, हे २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये अभ्यासकांनीच लिहिलं. बरं झालं. जे सिद्ध झालंय तेही थोडं नाही. २०१८ च्या जागतिक अभ्यासानुसार ८७ देश-प्रदेशांतली मिळून किमान ३.८ कोटी चौरस किलोमीटर जमीन आदिवासी समाजांच्या मालकीची किंवा देखरेखीखालची आहे. पण यवतमाळातल्या माणसानं यासाठी जगाचा नकाशा कशाला धुंडाळावा? केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजीकडे कोलाम आदिवासींच्या पोडावर जावं.

पोड म्हणजे मूळ गावापासून अलग, बहुधा टेकडीच्या अंगाला वसलेली कोलामांची वस्ती. मधोमध चावडी, घरांना बांबूचे कूड, ओट्यावर विणायला घेतलेली टोपली. चैत्राच्या आसपास मोह फुलतो, तेव्हा झुंजुमुंजू होताच बायका-पोरं झाडाखाली पोचतात. फुलं रात्रीतून गळतात. ऊन चढायच्या आत ती वेचायची, अंगणात वाळत घालायची. पुढं त्याच झाडाच्या बियांचं तेल निघतं. असं वर्षभर पोसणारं झाड कोण तोडील? नवं फळ, नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हा दंडकही इथलाच. त्यामुळे फळ पिकेपर्यंत झाडावर राहतं आणि बी मातीत पडतं. माझ्या मते, हे जंगलाचं व्यवस्थापनच आहे.

शेजारी गोंड आहेत, त्यांच्या कुळांच्या कथा किकरी या वाद्यावर गाणारे परधान आहेत. काही ठिकाणी गोंडांच्या ग्रामदैवतांची पूजा कोलाम पुजारी करतो, कारण या मातीतला जुना रहिवासी तो मानला जातो. कोलामी ही द्राविडी भाषा. तिचं व्याकरण सेतुमाधवराव पगडींनी लिहिलं, वर्ध्याकडच्या बोलीवर भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांचा ग्रंथ १९५५ मध्ये आला. आज युनेस्को तिला संकटग्रस्त भाषांत मोजते. पोरं शाळेत मराठी शिकतात, ती शिकावीच. पण आजीला कोलामीत ठाऊक असलेली झाडं, मुळ्या, पाखरं नातवापर्यंत पोचायची वाट बंद होतेय.

शेतातही तेच. ज्वारीच्या ओळींत तूर, मूग, बरबटी, काठाला अंबाडी असायची. आता कपाशी नि सोयाबीन, आणि कपाशीचं संकरित बियाणं दरसाल दुकानातून.

जंगल टिकल्याची किंमतही इथलीच माणसं मोजतात. राळेगाव-पांढरकवड्याकडे १३ बळींचा ठपका असलेली टी-१ वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये बोराटीजवळ मारली गेली. जीव गेले ते शेतकऱ्यांचे, गुराख्यांचे. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तरुण वाघ १३०० किलोमीटरहून अधिक चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची वाट अभयारण्याच्या हद्दीत मावणारी नव्हती. ती शेतांतून, नाल्यांतून, गावांच्या शिवारांतून गेली. टिपेश्वर अवघं १४८ चौरस किलोमीटर. बाहेरचं रान ज्यांच्या भरवशावर आहे, त्यांना वगळून वाघ कसा वाचणार?

२००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला आपलं जंगल राखण्याचा हक्क दिला. कोलामांसारख्या विशेष असुरक्षित जमातींसाठी अधिवासाच्या हक्काचीही तरतूद आहे. त्या हक्काचे दावे पोडापोडांतून व्हायला हवेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची लोक जैवविविधता नोंदवही भरायची असेल, तर ती चावडीवर बसून भरावी, म्हाताऱ्या बायकांना विचारत, झाडांच्या कोलामी नावांसकट.