बर्फावर पाय रोवताना

वाशीमला बर्फ भेटतो तो गोळ्याच्या गाडीवर. स्नोबोर्डिंगची हौस असेल तर गुलमर्ग किंवा औली गाठायची. तिथे भाड्याचं साहित्य घेताना नवख्याची नजर बोर्डाच्या रंगावर जाते. खरी मेख असते बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या दोन पकडींमध्ये.

नवशिक्यानं पट्ट्यांचं, मऊ बाइंडिंग घ्यावं. कडक बाइंडिंग वेगवान स्वारांचं. ते छोटी चूकही पोटात घालत नाही. माप बुटावरून ठरतं, म्हणून आधी बूट निवडायचे.

मग पुढचा पाय कोणता? डावा असेल तर ‘रेग्युलर’, उजवा असेल तर ‘गूफी’. यात कमीपणा कसलाच नाही. पायांतलं अंतर खांद्यांच्या रुंदीहून किंचित जास्त ठेवावं. बाइंडिंगच्या मधल्या गोल चकतीमुळे कोन बदलता येतो: पुढचा पाय अधिक 15 अंश, मागचा उणे 6 ते 9, ही सुरुवातीला सोयीची बैठक. बुटाचा चवडा आणि टाच बोर्डाच्या कडांबाहेर सारखीच डोकावली पाहिजेत, नाहीतर एका बाजूचं वळण जड जातं.

पहिल्या एकदोन फेऱ्यांनंतर स्क्रू पुन्हा आवळायचे. पेचकस खिशातच असू द्यावा.