फियाटचं इंजिन उघडताना

हेदवीची बामणघळ भरतीलाच पाहावी. खडकातल्या अरुंद भेगेत लाट घुसते, बाजूला पळायला जागा नसते, म्हणून पाणी सरळ उभं उसळतं. कडेला एखादी फट असती तर हा जोर आलाच नसता. पिस्टनच्या रिंगा झिजणं म्हणजे घळीला अशी फट पडणं.

आमच्या गोठ्यात आता गुरं नाहीत, १९७४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळची ती इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात ती बनायची. नाव पद्मिनी झालं तरी गावात ती फियाटच राहिली. मुंबईत तिची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली.

इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं, आणि हा संसार गरमीत बिनसतो. अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतं. घाटात गाडी एकदा नीट उकळली की हेड वाकतं, गॅस्केट जातं, पाणी आत शिरतं.

निळा धूर दिसला म्हणून लगेच पाने काढू नयेत. आधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा; जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा. पाच मिनिटांचं काम, पण ते न करता ‘पूर्ण इंजिन काढावं लागेल’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

खरा मोह असतो तो नुसत्या रिंगा बदलण्याचा. स्वस्तात होतं. पण बोअर वरच्या बाजूला, जिथे रिंग वळते तिथे, जास्त झिजतो आणि अंडाकृती होतो. त्यात नवी गोल रिंग बसणार कशी? म्हणून बोअरिंग मशीनवर बोअर मोठा करून ओव्हरसाइझ पिस्टन घालायचे. इथे क्रम महत्त्वाचा. पिस्टन आधी हातात हवेत, कारण बोअर त्यांच्या मापाने कापला जातो. मी उलटं केलं. ब्लॉक कापून आणला आणि त्या मापाचे पिस्टन शोधण्यात अख्खा पावसाळा गेला. क्रँकचंही तसंच, ग्राइंड करून जितका बारीक होईल, तितकी जाड बेअरिंग.

गिअरबॉक्सला मात्र लोक उगाच बदनाम करतात. दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, पेटी खाली. मधल्या जोडदांड्यांच्या बुश झिजल्या की गिअर सापडेनासा होतो आणि पेटी उघडायची वेळ आली असं वाटतं. आधी बुश बदला. पेटी उघडलीच तर पितळी सिंक्रो रिंगा, बेअरिंग आणि ऑइल सील एकदमच बदलून घ्यावेत, ती पुन्हा उतरवण्याचा उत्साह कुणाला नसतो.

सुधारणा करायचीच तर पेट्रोलच्या वाटेवर करावी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला खातं आणि हवेतली ओल ओढून घेतं. आमच्या खाऱ्या हवेत उभ्या गाडीला हे दुहेरी दुखणं. पाइप आणि पंपाचा पडदा नव्या जातीच्या रबराचा घालावा.

‘यात एनईचं इंजिन टाका’ हा सल्ला मला दर दिवाळीत मिळतो. प्रीमियर ११८एनईचं ते निसानच्या घराण्यातलं ११७१ सीसीचं इंजिन चांगलं आहे, गाडी चढावर हसत जाईल. पण इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती चॅसी, सांगाडा आणि इंजिन मूळचं राहिलं असेल तरच. त्यासाठी नव्हे, पण मी नाहीच म्हणतो. दुसऱ्याचं इंजिन घातलेली फियाट मला चालवायची नाही.

हेदवीच्या दशभुजा गणपतीच्या चढावर तिला अजून पहिला गिअर लागतो. त्या गिअरला सिंक्रो नाही, तेव्हा कुणाची चालवायला घेतलीत तर गाडी पूर्ण थांबवूनच तो घाला.