गंडवणाऱ्या व्यापाऱ्यावर कारवाई कोण करणार? पालिका, पोलीस की आणखी कुणी?



आज थोडा वेगळा विषय घेतोय. भांडवल, मार्केटिंग, पॅकिंग यावर आपण नेहमी बोलतो. पण धंदा सुरू व्हायच्या आधीच कुणी तुमचं भांडवल घेऊन पसार झालं तर?

समजा, तुम्ही पारोळ्यात राहता. पेपर प्लेट, कापसाच्या वाती किंवा अगरबत्ती बनवायचं मशीन तुम्हाला घ्यायचंय. मोबाईलवर जाहिरात दिसते : "मशीन घ्या, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच परत घेऊ." तुम्ही धुळ्याला जाऊन ऑफिस बघून येता. एसी आहे, बोर्ड आहे, भिंतीवर फोटो आहेत. बयाणा देता, मग उरलेले पैसे देता. मशीन येतं. पहिला माल ते उचलतात, दुसऱ्या वेळी "क्वालिटी बरोबर नाही" म्हणतात आणि तिसऱ्या वेळी फोन बंद. ऑफिसला कुलूप. तोवर त्याच माणसाने दुसऱ्या नावाने आणखी कुठल्या जिल्ह्यात बोर्ड लावलेला असतो.

आता जायचं कुठे? पारोळा जळगाव जिल्ह्यात, ऑफिस धुळे जिल्ह्यात, बँक खातं तिसऱ्याच गावचं. हायवेने पाऊण-एक तासाचं अंतर, पण कागदावर जिल्हा बदलला. फसवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

बरेच लोक आधी नगरपालिकेत जातात. "दुकानं पालिकेच्या हद्दीत, मग कारवाई पालिकेनेच करायला पाहिजे." ऐकायला बरोबर वाटतं. इंग्लंडमध्ये तसंच आहे. तिथे व्यापाऱ्यांवर नजर ठेवणारं 'ट्रेडिंग स्टँडर्ड्स' खातं स्थानिक कौन्सिलकडे असतं. खोटं वजन, खोटी जाहिरात, दारावर येऊन छप्पर दुरुस्तीच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना लुबाडणं, असे खटले कौन्सिलचेच अधिकारी भरतात. त्यांनाही हद्दीची अडचण यायची, कारण भामटा एका कौन्सिलच्या हद्दीत राहायचा आणि चार कौन्सिलच्या हद्दीत फसवायचा. म्हणून एका कौन्सिलने आपले अधिकार दुसरीला द्यायचे, एकत्र पथक करायचं, अशा सोयी केल्या गेल्या. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने तर अधिकाऱ्याला स्वतःच्या हद्दीबाहेरही काम करायला मोकळीक दिली.

आपल्याकडे मात्र असं एकच खातं नाही. अधिकार वाटलेले आहेत, आणि वाटणी समजली नाही तर तुमचे सहा महिने नुसते चकरा मारण्यात जातात.

कोणाकडे काय आहे

वजनकाटा, माप आणि पॅकिंगवरचा मजकूर हे वैध मापन शास्त्र यंत्रणेकडे, म्हणजे ज्यांना आपण अजून 'वजनमापेवाले' म्हणतो त्यांच्याकडे. कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०११ पासून. खाण्याच्या पदार्थातली भेसळ अन्न व औषध प्रशासनाकडे, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली. बाजार समितीच्या परवान्यावर शेतमाल घेणारा व्यापारी शेतकऱ्याचे पैसे बुडवतो, तर ते बाजार समितीकडे. बियाणं-खतं कृषी खात्याकडे. सरळ फसवणूक पोलिसांकडे.

मग पालिकेकडे काय उरलं? स्वच्छता, अतिक्रमण, काही धंद्यांच्या परवानग्या आणि प्लास्टिक. हे प्लास्टिकचं उदाहरण नीट बघा, कारण अधिकार वाटून दिल्यावर काय होतं ते त्यात दिसतं. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा कारवाईचा अधिकार एकाच खात्याकडे ठेवला नाही. पालिकेचे अधिकारी, महसूलवाले, पोलीस, प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा अनेकांना तो दिला. पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि ३ महिन्यांपर्यंत कैद. दंडाचं पुस्तक पालिकेच्या हातात आलं म्हणून बाजारपेठेत पिशव्यांच्या धाडी पडल्या. पुढे ढिलाई आली ती वेगळी गोष्ट. पण अधिकार फक्त मंडळाकडे राहिला असता, तर तालुक्याच्या गावात विचारायला कुणी आलंही नसतं.

खान्देशातलं जवळचं उदाहरण

आपल्या भागात अनेक खात्यांनी मिळून ठग व्यापाऱ्यामागे लागायचं सगळ्यात ओळखीचं रूप म्हणजे कृषी खात्याचं भरारी पथक. कपाशी लागवडीच्या आधी दर वर्षी याची बातमी येते. तालुक्याच्या पथकात तालुका कृषी अधिकारी असतो, पंचायत समितीचा कृषी अधिकारी असतो आणि वजनमापे निरीक्षकही असतो. म्हणजे राज्य सरकारचा माणूस, स्थानिक संस्थेचा माणूस आणि मापाचा माणूस एकाच गाडीत. एकाला बियाण्याचा नमुना घेता येतो, दुसऱ्याला पाकिटावरची किंमत आणि वजन तपासता येतं. प्रत्येकाने वेगवेगळ्या दिवशी जायचं म्हटलं, तर दुकानदार पहिल्या भेटीनंतर माल हलवून मोकळा होतो.

असं पथक का लागतं, ते दंडाचे आकडे बघितल्यावर कळतं. १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये. कपाशीच्या एका पाकिटाची किंमतही याहून जास्त. शेतकऱ्याचा हंगाम गेला आणि दंड ५०० रुपये! म्हणून अधिकारी एकाच कायद्यावर थांबत नाहीत. अत्यावश्यक वस्तू कायद्याखालचा १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश, राज्याचा २००९ चा कापूस बियाणे कायदा, मान्यता नसलेलं तणनाशक सहन करणारं बीटी बियाणं असेल तर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, असे सगळे एकत्र लावायचा प्रयत्न होतो. माझं स्पष्ट मत आहे, ठग माणूस एका कायद्याला भीत नाही. तीन खात्यांचे लोक एकत्र दारात उभे राहिले की भितो.

यातून तुम्ही एक शिका. तक्रार करताना तुम्हीही एकाच दारावर थांबू नका.

आता तुमच्या मशीनचं बघू

बहुतेकांना वाटतं, "मी धंद्यासाठी मशीन घेतलं, म्हणजे मी ग्राहक नाही, ग्राहक आयोगात मला कोण उभं करणार?" चूक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण तुम्ही ती फक्त स्वतःच्या स्वयंरोजगारासाठी, पोट भरण्यासाठी घेतली असेल तर तुम्ही ग्राहकच. इथे एक निकाल लक्षात ठेवा. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट, सर्वोच्च न्यायालय, १९९५. प्रकरण मशीनचंच होतं आणि सुरुवात महाराष्ट्राच्या राज्य आयोगापासून झाली होती. घेणारा शेवटी हरला, कारण मशीन व्यापारी उद्देशाने घेतलंय असं न्यायालयाचं मत पडलं. पण त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं, की स्वतः रिक्षा चालवणारा रिक्षा घेतो, तो ग्राहक राहतो. दुसऱ्याकडूनच चालवून घेण्यासाठी घेतली, तर नाही.

म्हणून काय करायचं? कोटेशन आणि बिल स्वतःच्या नावावर घ्या. मशीन मी आणि माझ्या घरचे चालवणार, हे कर्जाच्या अर्जात, उद्यम नोंदणीत, जिथे लिहिता येईल तिथे असू द्या. उगाच मोठेपणासाठी "वीस कामगारांचं युनिट" असं कुठे लिहू नका. समोरच्या वकिलाला तेवढं पुरतं.

हद्दीचं काय? इथे २०१९ च्या कायद्याने मोठं काम केलंय. विक्रेता कुठलाही असो, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे पारोळ्याच्या माणसाने जळगावलाच जायचं, धुळ्याला किंवा परराज्यात नाही. बिलाखाली बारीक अक्षरात "अमुक शहर न्यायक्षेत्र" छापलेलं बघून हबकू नका. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत मात्र २ वर्षं. "आज देतो, उद्या देतो" यात ती निघून जाते आणि पुढच्याला तेच हवं असतं.

पोलिसांकडे गेलात आणि "हे आमच्या हद्दीतलं नाही" असं ऐकलंत, तर शांतपणे सांगा की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात द्यायची सोय आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. तरी नोंद केली नाही, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. पोस्टाची पावती जपा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर तासाभराच्या आत १९३० वर फोन करा. आधी नातेवाइकांना विचारत बसू नका.

तिसरं दार फार कमी लोकांना माहीत आहे, ते म्हणजे जिल्हाधिकारी. एकच माणूस अनेकांना फसवत असेल, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकारी त्याची चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात. खोट्या जाहिरातीबद्दल हे प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. एकट्याने जाऊ नका. पारोळा, अमळनेर, एरंडोल, जिथे जिथे त्या माणसाने मशीन विकलंय तिथले चार-पाच जण शोधा आणि एकाच दिवशी, एकाच नमुन्यात अर्ज द्या. एकट्याचा अर्ज म्हणजे भांडण, दहा जणांचा अर्ज म्हणजे पद्धतशीर फसवणूक. आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.

शेजारचा दुकानदार काटा मारतो, तेव्हा

दुसरा प्रकार रोजचा. तुम्ही बिबडे, नागलीचे पापड, काळा मसाला नीट वजनात देता. बाजूचा तेच पाकीट वीस रुपये स्वस्त देतो, कारण २०० ग्रॅम लिहून १७० भरतो, किंवा मसाल्यात भलतंच मिसळतो. गिऱ्हाईक तुम्हालाच महागडे म्हणतं.

भांडू नका. त्याचं पाकीट विकत घ्या, पावती घ्या, पाकीट न फोडता वैध मापन कार्यालयात लेखी तक्रार द्या. भेसळीचा संशय असेल तर अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० कामाला येतं. कुठलाही खरेदीदार फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. फक्त खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. भेसळ निघाली तर भरलेली फी परत मिळते.

पण हे करण्याआधी तुमचं स्वतःचं घर नीट असू द्या, नाहीतर पथक त्याच्याकडून निघून तुमच्याकडेच येईल. वर्षाची उलाढाल छोटी असेल तर अन्न नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. चहाच्या पाच-दहा कपांचे पैसे, तरी लोक टाळतात. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावा. स्वतः पॅकिंग करत असाल तर ९० दिवसांच्या आत पॅकर म्हणून नोंदणी करा. फी ५०० रुपये. पाकिटावर नाव-पत्ता, पदार्थाचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन हे सगळं हवंच. २००९ च्या मूळ कायद्यात मजकूर चुकला तर पहिल्या गुन्ह्याला २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. लेबल छापून घ्यायला त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा खर्च येतो.

आणि अधिकारी तुमच्या दारात आला तर? आधी ओळखपत्र मागा, अगदी अदबीने. खरा अधिकारी रागवत नाही. खोटे 'साहेब' फिरतात आणि नवीन दुकानदारच शोधतात. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घेतला तर लेखी नोटीस द्यावी लागते, मालाची किंमत द्यावी लागते आणि नमुन्याचे चार भाग करून सील करावे लागतात. यातला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा अशी मागणी तुम्ही तिथल्या तिथे करू शकता. ती लेखी करा. विश्लेषकाच्या अहवालावर अपील करायला ३० दिवस मिळतात. कारण नसताना मुद्दाम त्रास देणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम ३९ मध्ये १ लाखापर्यंत दंड ठेवलाय. पण ते कलम पहिल्याच वाक्यात तोंडावर फेकू नका. पंचनाम्याची प्रत घ्या, वाचा, आणि पटत नसलेलं काही असेल तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहा.