ट्रकवाल्याकडून काय मिळणार?

सांगवीहून चाकणला पहिल्या पाळीसाठी निघालेला माणूस पिंपळे गुरव, कासारवाडी, नाशिक फाटा, भोसरी, मोशी असा जातो. इंद्रायणी ओलांडली की त्याच्या दुचाकीच्या एका अंगाला दुभाजक आणि दुसऱ्या अंगाला कंटेनर असतो. जानेवारी २०२५ मध्ये चाकण-शिक्रापूर रस्त्यावर एका कंटेनरने एकामागून एक वाहनांना धडका दिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या नवले पुलावर ट्रकच्या अपघातात माणसे होरपळून गेली. अशा बातम्या दोन दिवस चालतात, पण त्या घरांना कागदपत्रांमागे वर्षानुवर्षे धावावे लागते.

अपघात झाला की कधीकधी रुग्णवाहिकेच्या आधी सल्ला पोहोचतो. टपरीवरचा माणूस, लांबचा मेहुणा, ‘आमच्या ओळखीचे एक साहेब आहेत’ म्हणणारा शेजारी, असे सगळे कायदा सांगू लागतात. त्यांतले बरेचसे ऐकीव असते आणि त्या ऐकीव गोष्टींपायी घरची माणसे हक्काचे पैसे सोडून देतात. असे काही नेहमीचे गैरसमज इथे तपासून पाहू.

गैरसमज : ड्रायव्हर गरीब आहे, त्याच्याकडून काय वसूल होणार?

वस्तुस्थिती : भरपाई ड्रायव्हरच्या खिशातून येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. रस्त्यावरच्या माणसाचा मृत्यू झाला किंवा त्याला इजा झाली, तर या विम्यातून मिळणाऱ्या भरपाईला कमाल मर्यादा नसते. म्हणून दाव्यात ड्रायव्हरबरोबर ट्रकचा मालक आणि विमा कंपनी या दोघांनाही सामनेवाले करतात. ड्रायव्हरचे लायसन्स खोटे निघाले किंवा ट्रकला परमिट नसले, तर विमा कंपनी हात झटकू पाहते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या ‘स्वर्ण सिंह’ निकालात यावर वाट काढली : कंपनीने आधी पीडितांचे पैसे चुकते करावेत, मग मालकाकडून वसूल करावेत. अनेक प्रकरणांत असाच हुकूम होतो. विमाच नसेल, तर मालक स्वतः देणे लागतो आणि ती रक्कम जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. ट्रकचा विमा चालू आहे की नाही, हे गाडीच्या नंबरवरून एम-परिवहन अॅपवर पाहता येते. म्हणून अपघाताच्या जागी ट्रकच्या नंबर प्लेटचा फोटो कुणीतरी काढायलाच हवा.

गैरसमज : धडक देऊन गाडी पळाली, नंबरही मिळाला नाही, विषय संपला.

वस्तुस्थिती : अज्ञात वाहनाच्या धडकेसाठी कलम १६१ खाली वेगळी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून त्यात मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. पूर्वी हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. यासाठी कोर्टात जावे लागत नाही. अर्ज त्या भागाच्या प्रांताकडे किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते. पुढे ट्रक सापडला, तर नेहमीचा दावाही लावता येतो. फक्त आधी मिळालेली रक्कम त्यातून वळती होते. पोलिसांत नोंद नसेल, तर यांतले काहीच सिद्ध करता येत नाही. म्हणून ‘गाडीच सापडली नाही, फिर्याद कशाला’ हा सल्ला मानू नये.

गैरसमज : ट्रक परराज्यातला, अपघात सोलापूर रस्त्यावर, मग खेटेही तिकडेच घालावे लागणार.

वस्तुस्थिती : कलम १६६ प्रमाणे अपघात जिथे झाला तिथे, दावेदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथे, किंवा सामनेवाला जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा लावता येतो. सांगवीत राहणाऱ्या विधवेला नवऱ्याच्या अपघातासाठी सोलापूरच्या नाही, तर पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयातील मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे जाता येते. ट्रकचा मालक हरियाणात असला, तरी नोटीस त्याला तिथे जाते. बाईंना हरियाणात जावे लागत नाही.

गैरसमज : आधी फौजदारी खटला संपू द्या, ड्रायव्हरला शिक्षा झाली की मग क्लेम.

वस्तुस्थिती : हे दोन वेगळे खटले आहेत. हलगर्जीने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ड्रायव्हरवर खटला चालतो, तर भरपाईचा दावा प्राधिकरणापुढे स्वतंत्रपणे चालतो. फौजदारी कोर्टाला संशयापलीकडचा पुरावा लागतो. प्राधिकरणाला ‘बहुधा असेच घडले’ एवढी खात्री पुरते. ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी भरपाई मिळू शकते. म्हणून मालकाच्या माणसाने पुढे केलेल्या ‘आमची काही तक्रार नाही, चूक मृताचीच होती’ अशा कागदावर सही करू नये. हातात ठेवलेल्या लाखभर रुपयांच्या बदल्यात तो कागद पुढे वर्षानुवर्षे तुमच्या विरुद्ध पुरावा म्हणून फिरतो.

गैरसमज : हेल्मेट नव्हते, ट्रिपल सीट होते, आता आपल्याला काही मिळणार नाही.

वस्तुस्थिती : नियम मोडला म्हणजे अपघात तुमच्यामुळेच झाला, असे होत नाही. मागे दोघे बसले होते एवढ्यावरून दुचाकीस्वाराला अपघातातला भागीदार ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्या चुकीमुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे सामनेवाल्यांनी दाखवावे लागते. दाखवले तर भरपाईतून तेवढा हिस्सा कापला जातो, बाकीचा मिळतो.

चाकण पट्ट्यात याचाच एक भाऊबंद गैरसमज ऐकू येतो : ‘ट्रक उभा होता, हाच जाऊन आदळला.’ रात्री पार्किंग लाइट, रिफ्लेक्टर किंवा इशाऱ्याचा त्रिकोण न लावता रस्त्यात उभा केलेला ट्रक हीसुद्धा हलगर्जीच आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हमरस्त्यात कसलीही खूण न लावता सोडून दिलेल्या ट्रेलरच्या प्रकरणात अपघाताची जबाबदारी ट्रेलरच्याच बाजूवर टाकली. त्यामुळे पंचनाम्यात ‘ट्रकला मागे लाइट नव्हता’ ही एक ओळ येणे फार मोलाचे असते. आली नसेल तर लेखी अर्ज देऊन तपास अधिकाऱ्याच्या लक्षात आणून द्यावे.

गैरसमज : ट्रक मोठा, म्हणून चूक ट्रकचीच.

वस्तुस्थिती : कलम १६६ च्या दाव्यात ट्रकची हलगर्जी दाखवावीच लागते. ती दाखवणे अवघड असेल, तर कलम १६४ चा पर्याय आहे : चूक कुणाची हे न विचारता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. मात्र ही रक्कम स्वीकारली की त्या अपघातासाठी १६६ चा दावा राहत नाही. रक्कम लवकर हाती येते म्हणून कमावत्या तरुणाच्या मृत्यूत हा रस्ता धरला, तर केवढे पाणी सोडावे लागते हे पुढचे गणित सांगेल.

गैरसमज : कायम नोकरी नव्हती, ठेकेदाराकडे होता, त्याची काय किंमत धरणार?

वस्तुस्थिती : भरपाई अंदाजाने ठरत नाही, तिचे सूत्र आहे. ते सर्वोच्च न्यायालयाच्या ‘सरला वर्मा’ (२००९) आणि ‘प्रणय सेठी’ (२०१७) या दोन निकालांवर उभे आहे. एक नमुना घेऊ. चाकणच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारा, ३२ वर्षांचा, महिना २० हजार मिळवणारा माणूस. घरी बायको, आई आणि दोन मुले.

पुढे त्याचा पगार वाढला असता, म्हणून ४० वर्षांखालच्या अशा कामगाराच्या कमाईत ४० टक्के मिळवतात : २८ हजार. त्याच्यावर चार माणसे अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा : २१ हजार. वर्षाचे झाले २ लाख ५२ हजार. वय ३१ ते ३५ मध्ये, म्हणून गुणक १६. एकूण ४० लाख ३२ हजार. त्यावर पत्नी, आई आणि मुले यांना सहवास गमावल्याबद्दल, शिवाय अंत्यविधी आणि मालमत्तेच्या हानीपोटी वेगळ्या रकमा. त्या दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात. आणि दावा दाखल झाल्यापासून व्याज.

आता हाच हिशेब पगाराच्या पुराव्याशिवाय मांडून पाहा. वीस हजार सिद्ध झाले नाहीत आणि प्राधिकरणाने १२ हजार धरले, तर ४० लाख ३२ हजारांचे २४ लाख १९ हजार होतात. सोळा लाखांहून अधिक रकमेचा फरक पडतो तो एका पगार पावतीने, किंवा बँकेच्या पासबुकातल्या नोंदींनी.

घरकाम करणाऱ्या बाईची कमाई शून्य, हेही कोर्ट मानत नाही. गृहिणीच्या कामाचे मोल धरून भरपाई द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगितले. हात-पाय गमावलेल्या कामगाराचा हिशेबही केवळ सर्टिफिकेटवरच्या टक्क्याने होत नाही. त्या इजेने त्याचे काम किती गेले, हे पाहतात. वेल्डरचा उजवा हात आणि लेखनिकाचा पाय यांचा हिशेब सारखा नसतो.

गैरसमज : एलआयसीचे पैसे मिळाले, मेडिक्लेम पास झाला, आता क्लेम बसत नाही.

वस्तुस्थिती : बसतो. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या ‘हेलन रिबेलो’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून कापता येणार नाही. हप्ते भरून ती त्या माणसानेच कमावलेली असते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मेडिक्लेमबाबतही तसाच निर्णय दिला.

गैरसमज : टेम्पोत, पिकअपमध्ये बसलेल्यालाही विमा मिळतोच.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाबरोबर जाणारा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी धरला जातो. लिफ्ट घेतलेला किंवा भाडे देऊन बसलेला प्रवासी धरला जात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात श्रावणी सोमवारी कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप घाटात कोसळली आणि त्यात महिलांचे जीव गेले. लग्नाला, जत्रेला, शेतमजुरीला असा प्रवास आपल्याकडे रोजचा आहे. अशा वेळी गाडीमालकाविरुद्ध दावा होतोच, पण विमा कंपनीला कायद्याने बाहेर पडायला जागा मिळते.

गैरसमज : तेरावे होऊ दे, वर्षश्राद्ध होऊ दे, क्लेम कधीही लावता येतो.

वस्तुस्थिती : १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तिला आव्हान दिले गेले असून, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर घरात बसून राहू नये.

पोलिसांवरही वेळेचे बंधन आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत प्राधिकरणाकडे जायला हवा. पीडितांचे हक्क सांगणारा फॉर्मही पोलिसांनीच घरच्यांना द्यायचा असतो. तो मिळाला नसेल, तर पोलिस ठाण्यात जाऊन मागावा.

गैरसमज : वकील निम्मे पैसे घेतो, म्हणून कोर्टाच्या फंदात न पडलेले बरे.

वस्तुस्थिती : निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विमा कंपनीशी तडजोड करायची असेल, तर ती लोकअदालतीत, आकडा समजून घेऊन करावी.

उपचारासाठीही पैशाची वाट पाहू नये. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार देण्याची केंद्राची योजना लागू आहे. रुग्णालयात नोंद ‘अपघात’ अशीच झाली आहे ना, हे मात्र पाहावे. ‘घरी पडला’ असे लिहिले गेले तर पुढे दावा तिथेच अडतो.

आता घरात एक फाइल करा. कमावत्या माणसाच्या पगार पावत्या, पासबुक, ठेकेदाराचे ओळखपत्र, वयाचा दाखला आणि रेशन कार्ड त्यात ठेवा, आणि ती कुठे आहे ते घरातल्या बाईमाणसाला सांगून ठेवा. चाकणच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या माणसाच्या घरात हेल्मेटइतकीच ही फाइलही लागते.