सरासरी साठ, तरी खेळ अडखळतो

पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला ६० फ्रेम्सचा आकडा झळकतोय, तरी वळणावर गाडी हिसका खाते. गोम सरासरीत आहे. ६० च्या हिशेबात प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. एखादीच फ्रेम १०० मिलिसेकंद रेंगाळली, तर सरासरी फारशी हलत नाही. डोळ्याला मात्र ते लगेच खुपतं.

म्हणून आधी आफ्टरबर्नरसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख पाहावा आणि त्यात उसळी कधी येते ते टिपावं.

स्फोट पहिल्यांदा दिसताना झटका बसला, दुसऱ्यांदा नाही, तर संशय ऐनवेळी कंपाइल होणाऱ्या शेडरवर, म्हणजे दृश्य रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर. टेक्श्चरचा दर्जा उतरवताच खेळ सुरळीत झाला, तर ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी पडत असावी. अर्ध्या तासानंतरच रडगाणं सुरू होत असेल, तर तापमान बघावं. फार तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो, आणि इतकं तापायला पंख्यात साचलेली धूळही पुरेशी ठरते.